विदर्भातल्या लेखकांनो, तुमची नवी प्रेमाची नाहीतर रहस्याची कादंबरी इथं सांगा (खुनी कोण ते सोडून)

वाचनालयवाली (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. धागा मुद्दाम काढून राहिली. आमच्या वाचनालयात (ड वर्ग, एकच खोली) येणारे वाचक मले सारखं दोनच गोष्टी मागतात, एक तर "ताई, रहस्याचं काही आहे का", नाहीतर "प्रेमाची एखादी द्या". पोलीस भरतीच्या पोरी असो की बचत गटाच्या बाया असो, मागणी तीच. कपाटात तशी पुस्तकं आहेत पण सगळी मुंबई-पुण्याची, फ्लॅट, लिफ्ट, कॉफी, समुद्रावरचा पाऊस. वाईट नाहीत, मी पण तेच वाचून मोठी झाली. पण आता आपल्याच जिल्ह्यांतले लोक कादंबऱ्या लिहून राहिले अन त्या आपल्यापर्यंत पोचतच नाहीत, पोचते ते फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर मुखपृष्ठाचा फोटो अन खाली "अवश्य वाचा, संग्रही ठेवा". त्यावरून मी वाचकाले काय सांगू? दुसरे लेखक असे की सगळी गोष्टच सांगून मोकळे होतात, लग्न झालं की नाही, मारलं कोणी, सगळं. मग वाचायचं काय राहिलं.

म्हणून लेखकांनी स्वतः इथं येऊन नव्या कादंबरीची ओळख करून द्या. गोष्ट कुठं घडते ते गावाशिवारासकट सांगा. कोणाले काय पाहिजे अन ते नाही भेटलं तर त्याचं काय जाईल, ते सांगा. अन पुस्तकातला एक तुकडा जसाच्या तसा टाका, कारण भाषा कशी आहे ते तुकड्यावरूनच कळते. प्रस्तावना कोणाची, सत्कार कुठं झाला, ते राहू द्या. वाचकांनी मोकळेपणानं विचारा, मनात ठेवू नका.

पऱ्हाटी (हिंगणघाट)

ताई, बरं झालं धागा काढला. मग मीच सुरुवात करते.

कादंबरीचं नाव "एकशे सत्तर किलो". रुईच्या एका गाठीचं वजन तेवढं असते म्हणून. गोष्ट हिंगणघाटच्या बाजूच्या एका जिनिंगमध्ये (कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना) घडते, दिवाळीनंतर सीझन सुरू होतो तिथपासून. सुमित्रा नावाची बाई आहे, नवरा सोडून माहेरी आलेली, ती ढिगावर कचरा वेचायच्या कामाला लागते, म्हणजे कापूस मशीनवर जायच्या आधी त्यातला पालापाचोळा, सुतळी, पोत्याचे धागे काढायचे. काट्यावर गाड्यांच्या वजनाच्या नोंदी करणारा एक पोरगा आहे, तिच्याहून वयानं लहान, गोष्ट तोच सांगतो. जानेवारीत एका रात्रपाळीनंतर सुमित्रा दिसेनाशी होते. मालक म्हणते पळून गेली, तिचा भाऊ म्हणते बरं झालं, एकटा हा पोरगा म्हणते की ती गेटमधून बाहेर गेलीच नाही कारण गेटची नोंदवही त्याच्याकडं असते. त्यानं तोंड उघडलं तर नोकरी जाते, अन दोघांत काय होतं ते गावाले कळते. नाही उघडलं तर तिले शोधणारं कोणीच उरत नाही.

हा तुकडा पहिल्याच प्रकरणातला, जागा कोइमतूरची सूतगिरणी आहे:

"पट्ट्या कापल्या तशी दाबलेली रुई फुगून वर आली. मुरुगन एकेक थर हातानं उलगडून बाजूला टाकत होता. एका थरात हिरवं काहीतरी दिसलं. पोत्याचा तुकडा असेल म्हणून त्यानं ओढला तर लुगड्याचा कोपरा निघाला, फाडलेला, अन कोपऱ्याले घट्ट गाठ. गाठ दातानं सोडावी लागली. आत चांदीचं जोडवं होतं, एकच. सुपरवायझरनं रुईच्या गाठीवरचा प्रेसचा नंबर वहीत उतरवून घेतला, कचरा निघाला म्हणून जिनिंगवाल्याचे किती पैसे कापायचे त्याच्या हिशोबासाठी. तो नंबर हिंगणघाटचा होता."

मोबाईलवर_वाचणारा

बाप रे. पुढचं कुठं भेटंल??

निवृत्त_मास्तर (पुसद)

उत्तम. जोडवं एकच का, हा प्रश्न मनात ठेवून वाचक पुढं जाईल. रहस्याच्या कादंबरीची ओळख अशीच पाहिजे, पहिला प्रश्न वाचकाच्या हातात द्यायचा अन तिथंच थांबायचं. पऱ्हाटी ताई, एक विचारतो, गाठीवरच्या नंबरावरून खरंच जिनिंग सापडते का, की ही कादंबरीतली सोय?

पऱ्हाटी

सर, सापडते. प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण, लॉट नंबर अन गाठीचा नंबर असतो, गिरणीत माल खराब निघाला की त्यावरूनच तक्रार येते. केस, सुतळी, कापडाचे तुकडे हे रुईत निघालं तर पुढं सुतात अन कापडात डाग दिसतो, म्हणून गिरणीवाले गाठ फोडताना डोळ्यात तेल घालून बघतात. माझे वडील प्रेसवर होते, लहानपणापासून ते ऐकलेलं. मला वाटे की यात एक गोष्ट आहे, की कोणीच शोधत नसलेल्या बाईचा पत्ता शेवटी कचरा शोधणारा माणूस लावून देते.

निवृत्त_जमादार (वाशीम)

नमस्कार. आयुष्य ठाण्यात गेलं म्हनून थोडं बोलतो, राग नका मानू. आपल्या मराठी रहस्य कादंबऱ्यांत मले एकच गोष्ट खटकते, खून झाला की दुसऱ्या पानावर इन्स्पेक्टर येते अन चवथ्या पानावर त्याले सगळं समजते. खेड्यात तसं नसते ना बाप्पा. पयले पोलीस पाटलाले निरोप, पाटील ठान्यात कळवते, मंग बीट जमादार येते, पंच म्हनून दोन मानसं उभी करा लागते अन पंच व्हाले कोनी तयार होत नाही, सगळे म्हनते आमाले वावरात काम हाय. बाई हरवली तर आधी मिसिंग दाखल होते. प्रेत सापडलं अन कारन माहीत नसलं तर मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल होते, खुनाचा गुन्हा लगेच लागत नाही. पोस्टमार्टम ग्रामीन रुग्णालयात, व्हिसेरा (म्हंजे पोटातले अवयव तपासाले) नागपूर नाहीतर अमरावतीच्या प्रयोगशाळेत जाते, अन त्याचा रिपोर्ट यायले टाइम लागते. हाच तर खरा सस्पेन्स हाय, रिपोर्टची वाट पाहत गाव बसलेलं असते अन रोज एक नवीन अफवा.

पऱ्हाटी ताई, तुमची गोष्ट कोन्या साली घडते? कलम त्यावर अवलंबून हाय. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचं कलम पयले ३०२ होतं ते आता १०३ झालं.

पऱ्हाटी

काका, राग कशाचा, हेच पाहिजे होतं. बाई गायब होते जानेवारी २०२४ मध्ये अन गिरणीत गाठ फुटते ऑगस्ट २०२४ मध्ये. मुद्दामच तसं ठेवलं.

निवृत्त_जमादार

मंग तर लय भारी जमलं. घटना जुन्या कायद्याच्या काळातली म्हनून कलम ३०२ च लागंल, पन गुन्हा दाखल होऊन तपास ऑगस्टात सुरू झाला म्हनून तपासाची पद्धत नव्या नागरिक सुरक्षा संहितेची. म्हंजे झडती अन जप्ती करताना व्हिडिओ शूटिंग करा लागते. तुमच्या ठानेदाराले जिनिंगमधी जप्ती करताना मोबाईल धरून उभा केला पाह्यजे. अन मोबाईल धरनारा शिपाई नवीन पोरगा असते, त्याचा हात हालते, तेबी लिहा.

पऱ्हाटी

काका तो शिपाई आहे पुस्तकात! पान सांगत नाही, तुम्हीच शोधा. त्याच्या व्हिडिओत मागं काय दिसते त्यावर पुढचं सगळं आहे. याच्यापुढं बोलत नाही.

पुण्यातली_वऱ्हाडीण

मूळची मूर्तिजापूरची, आता नोकरीमुळे इकडे. मला भाषेबद्दल विचारायचंय आणि हे सगळ्याच लेखकांना आहे. वऱ्हाडी म्हटलं की लोकांना फक्त विनोद आठवतो, टीव्हीवर, रीलवर, सगळीकडे वऱ्हाडी बोलणारा माणूस म्हणजे हसवणारा. इकडे ऑफिसात मी आईशी फोनवर बोलले की आजूबाजूचे हसतात, वाईट मनाने नाही पण हसतात. मग अशा भाषेत प्रेमाचा प्रसंग, किंवा कोणी मेल्याचा प्रसंग वाचताना वाचक हसणार नाही याची तुम्ही काय काळजी घेता? की संवाद प्रमाण भाषेत करून टाकता?

पूर्णाकाठ (दर्यापूर)

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता देता माझ्या कादंबरीची ओळखही देतो.

नाव "हरकतीचे तीस दिवस". प्रेमकथा आहे, पण आतून पूर्ण सस्पेन्स. पोरगी दर्यापूरच्या बाजूच्या खारपाणपट्ट्यातली (जमिनीतलं पाणीच खारं असलेला भाग), घरी कोरडवाहू, अमरावतीला नर्सिंग शिकून तिथंच नोकरीला लागलेली. पोरगा अचलपूरचा, मोटारसायकल मेकॅनिक, जात वेगळी, धर्मही वेगळा. दोघं ठरवतात की पळून जायचं नाही, कायद्यानं लग्न करायचं, ताठ मानेनं. विशेष विवाह कायदा १९५४ चा. त्यात विवाह अधिकाऱ्याला आधी नोटीस द्यावी लागते, ती नोटीस त्याच्या ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लावतात, अन तीस दिवस कोणालाही हरकत घेता येते. ते तीस दिवस म्हणजे माझी कादंबरी, एका दिवसाचं एक प्रकरण. पोरीला वाटते नोटीस अमरावतीत लागली, गावाकडं कोण पाहते. पण कायद्यातच असं आहे की अर्जदार कायमचा दुसऱ्या जिल्ह्यात राहत असेल तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडं जाते अन तिथंही लागते. पोरीचा भाऊ अकोल्याला असतो अन तिच्या सगळ्या कागदांवर कायमचा पत्ता त्याच्याच घरचा आहे. बस, एवढंच सांगतो.

आता भाषा. माझ्या पुस्तकात दोघं एकमेकांशी वऱ्हाडीतच बोलतात, शेवटपर्यंत. वाचक हसतो तेव्हा भाषेमुळं नाही हसत, लेखकानंच त्या पात्राला हसायच्या जागी उभं केलेलं असते म्हणून हसतो. पात्राला काहीतरी गमवायचं असेल तर कोणी हसत नाही. हा तुकडा पाहा, नोटीस लावल्याच्या दुसऱ्या दिवशीचा:

"बोर्डाच्या काचेले कुलूप होतं. आत पिनांनी चार कागद टोचलेले, त्यातला तिसरा त्यायचा. रफिकनं आधी तिचं नाव वाचलं, मंग आपलं. नाव, वय, धंदा, पत्ता, सगळं टाइप केलेलं.
'स्पेलिंग बरोबर हाय ना?' ती म्हनली.
'हाय.'
'मंग चाल. अठी उभं नको राहू.'
पायऱ्या उतरता उतरता तिनं मागं वळून पाह्यलं. चष्मा लावलेला एक मानूस काचेजवळ वाकून वाचत होता. त्यानं खिशातून मोबाईल काढला अन कागदाचा फोटो घेतला."

पुण्यातली_वऱ्हाडीण

"अठी उभं नको राहू." मला एकदम भीती वाटली वाचून. माझं उत्तर मिळालं दादा. पुस्तक पाहिजे.

आईची_शाळा (कारंजा लाड)

मी जरा वेगळं बोलते. माझी मुलगी बारावीला आहे. अशा कादंबऱ्या वाचून पोरींच्या डोक्यात काय शिरते याची भीती आम्हा आयांना वाटते, खोटं कशाला बोलू. कादंबरीत सगळं छान दिसते, खऱ्या आयुष्यात आईबाप तोंड लपवतात, पोरगी एकटी पडते, पुढं कोणी विचारत नाही. लेखकानं याची जबाबदारी घ्यायला नको का?

पूर्णाकाठ

ताई, तुमची भीती खरी आहे अन मी ती पुस्तकात टाळली नाही. पोरीची आई हे माझं सगळ्यात आवडतं पात्र आहे. तीस दिवसांपैकी सात दिवस आईच्या नजरेतून सांगितलेत. तिला नोटिशीबद्दल कळते तेव्हा ती काय करते, कोणाला सांगते, कोणाला नाही, यावर कादंबरी फिरते. अन अजून एक सांगतो, हे पुस्तक वाचून कोणी पळून जाणार नाही कारण यात पळून जायची वाटच बंद केली आहे. दोघं ऑफिसात बसतात, फॉर्म भरतात, तीन साक्षीदार शोधतात. साक्षीदार शोधणं हेच किती अवघड, मित्र म्हणवणारे एकेक करून कसे सटकतात, ते सगळं आहे. हरकत कशावर घेता येते हेही वाचकाला कळते: आधीचं लग्न अस्तित्वात आहे का, वय झालं का, मुलगा २१ मुलगी १८, नातं निषिद्ध आहे का, मानसिक स्थिती, एवढ्यावरच. आम्हाला पसंत नाही ही हरकत होत नाही. मुलीला हे अठराव्या वर्षी माहीत असलं तर बरंच आहे असं मला मनापासून वाटते.

आईची_शाळा

सात दिवस आईचे म्हणता, मग वाचून पाहीन. आधी मी वाचीन, मग तिला देईन.

खारपाणपट्टा

मी ही कादंबरी हस्तलिखितात वाचली, पूर्णाकाठ माझा वर्गमित्र. जबरदस्त आहे. तो फोटो काढणारा माणूस म्हणजे शेवटी
[दोन ओळी काढल्या. वाचनालयवाली]

वाचनालयवाली

खारपाणपट्टा भाऊ, हात जोडते, नाही सांगायचं!! तुमचा उत्साह समजते पण बाकीच्यांनी अजून पुस्तक हातात पण घेतलं नाही. तुम्ही सांगा की वाचताना कुठं थांबवलं नाही गेलं, कोणतं प्रकरण रात्री जागून वाचलं, असं सांगितलं तर वाचकाले कामाचं.

खारपाणपट्टा

बरं ताई. मग एवढंच, अठराव्या दिवसाचं प्रकरण वाचताना मी मोटर चालू करायला वावरात जाणार होतो, लाइन रात्रीची होती, अन लाइन येऊन गेली तरी बसून राहिलो.

धानपट्टीवाला (वडसा)

जोहार मंडळी. सगळे कापसाच्याच मुलकातलं बोलून रायले, आता धानाच्या मुलकातलं आयका.

माझ्या कादंबरीचं नाव "पहाटेचा तिसरा अंक". गोष्ट झाडीपट्टी रंगभूमीची. तिकडच्या लोकांले माहीत नसंल म्हणून सांगतो, आमच्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळी झाली की मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट (बैलांच्या शर्यती) होतात, अन गावोगावी नाटकं लागतात ते होळीपावतर. रात्री जेवणं आटपून नाटक सुरू होते ते पहाटे संपते. नाटक कंपन्यांची ऑफिसं आमच्या वडसा देसाईगंजात, बुकिंग तिथंच होते. हजारो माणूस एका नाटकाले बसते, थंडीत, घोंगडी पांघरून. २०२३ साली झाडीपट्टीचे कलाकार परशुराम खुणे यांले पद्मश्री भेटली तेव्हा बाहेरच्या लोकांले पहिल्यांदा नाव कळलं, आमच्यासाठी ते घरचंच.

तर गोष्ट अशी. एका गावात नाटक सुरू आहे, दुसरा अंक संपला, नायिकेचं काम करणारी बाई नागपूरहून आलेली, मध्यंतरात ती विंगेतून मागं जाते अन तिसऱ्या अंकाले येतच नाही. बाहेर पब्लिक बसलेलं, गावानं वर्गणी काढून पैसे भरलेले, नाटक बंद पडलं तर कंपनीचा सीझन गेला. हार्मोनियमवाला तिच्यावर जीव लावून बसलेला, हे फक्त तबलजीले माहीत. मालक त्याले म्हणते, तू गाणं लांबव, आम्ही शोधतो. म्हणून तो बसल्या जागी गाणं वाढवत रायते अन शोधाले जाऊ शकत नाही. पुरी कादंबरी त्या एका रात्रीची आहे, मध्यंतरापासून उजाडेपर्यंत.

तुकडा:

"पेटीच्या भात्यावर हात चालू होता अन नजर विंगेकडं. मालकानं बोटानं खूण केली, अजून एक कडवं. कडवं संपलं होतं. त्यानं पहिलंच कडवं दुसऱ्या चालीत उचललं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं मान डोलवली. त्या म्हाताऱ्याच्या बाजूची खुर्ची मघापासून रिकामी होती, अन मध्यंतराच्या आधी ती रिकामी नव्हती."

निवृत्त_मास्तर

रिकामी खुर्ची! अन पेटीवाला पाहू शकते पण उठू शकत नाही. रहस्यकथेत सांगणाऱ्याला असं एका जागी बांधून ठेवणं फार अवघड असते, ते जमलं असेल तर पुस्तक मोठं आहे. एक शंका: प्रेमाची बाजू एका रात्रीत कशी उभी राहते? दोघांची भेट तर व्हायला पाहिजे ना.

धानपट्टीवाला

सर, भेट होते, पण आठवणीत. सीझनभर एकाच गाडीत मागं सामानावर बसून जाणं, कोण्या गावात पोहे भेटले, कोण्या गावात पाटलाच्या घरी राहिलो, तालमीत तिचा सूर कुठं चढते अन त्यानं पट्टी कशी उतरवून घेतली तिच्यासाठी, असं. मी स्वतः कंपनीत सात सीझन पेटी वाजवली, ते प्रेम असंच असते, स्टेजवर सगळ्यांसमोर अन कोणालेच न दिसणारं. त्या बाया घर सोडून हिवाळाभर गावोगाव फिरतात, लोक टाळ्या देतात अन मागं नावं पण ठेवतात. ती गायब झाली तेव्हा पहिलं वाक्य गावातलं एक जण काय बोलते, "अशा बायांचं काय". त्या एका वाक्यासाठी मी कादंबरी लिहाले बसलो.

पऱ्हाटी

धानपट्टीवाले दादा, तुमचं शेवटचं वाचून अंगावर आलं. माझ्याही पुस्तकात हेच आहे, सुमित्रा हरवली तेव्हा सगळे म्हणतात पळून गेली. आपल्या खेड्यांत बाई दिसेनाशी झाली की पहिला अंदाज तोच असतो अन त्या अंदाजानं शोध थांबतो. रहस्यकथेत शोध थांबू देता येत नाही, म्हणून मला हा प्रकार लिहायला आवडतो. कोणीतरी शेवटपर्यंत विचारत राहते की ती कुठं आहे.

वाचनालयवाली

हे वाचून मले माझ्या वाचक बाया रहस्यच का मागतात ते समजून राहिलं. त्यांले मारामारी नको असते. कोणीतरी विचारणारं पाहिजे असते.

आता कामाचं विचारते. पुस्तकं भेटणार कशी? किंमत, टपाल, मोबाईलवर आहे का, सगळं सांगा.

मोबाईलवर_वाचणारा

हो, अन मोबाईलवर असेल तर आधी ते सांगा, मी ट्रॅक्टरवर असतो, पुस्तक सांभाळणं होत नाही.

पूर्णाकाठ

माझी छापील २४० रुपये अन ई-पुस्तक किंडलवर आहे. तिथं मराठी २०१६ पासून चालते. लेखकांसाठी एक सांगून ठेवतो, भारतातल्या विक्रीवर ७० टक्के पाहिजे असेल तर त्यांच्या सिलेक्ट योजनेत जावं लागते, म्हणजे मग तेच ई-पुस्तक दुसऱ्या कुठल्याच अ‍ॅपवर ठेवता येत नाही. तसं नको असेल तर ३५ टक्के. मी आधी विचार करून ३५ वालाच मार्ग घेतला, कारण मला पहिली सहा प्रकरणं प्रतिलिपी या वाचनाच्या अ‍ॅपवर फुकट ठेवायची होती. गावाकडची पोरं तिथंच वाचतात.

पऱ्हाटी

माझी फक्त छापील, २८० रुपये. ई-पुस्तक नंतर.

नवीन लिहिणाऱ्यांना एक सांगते. मला एका छापून देणाऱ्यानं आयएसबीएन नंबरचे वेगळे पैसे मागितले, अन तेही बरेच. देऊ नका. तो नंबर आपल्याकडं फुकट भेटतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे शिक्षण मंत्रालयाखाली, त्यांच्या पोर्टलवर लेखकाला स्वतःच अर्ज करता येतो. आधार अन मुखपृष्ठ वगैरे लागते, वेळ लागतो, पण पैसे लागत नाहीत. मी माझा स्वतः काढला.

निवृत्त_मास्तर

त्यात भर घालतो. पुस्तक निघाल्यावर तीस दिवसांत १९५४ च्या कायद्यानं एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला अन मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. स्वतः छापणारे पुष्कळ जण हे करत नाहीत. करा. तुमच्या जिनिंगची अन झाडीपट्टीची गोष्ट तिथं कपाटात राहिली पाहिजे, शंभर वर्षांनी कोणी शोधत आलं तर भेटली पाहिजे.

पुण्यातली_वऱ्हाडीण

टपालाचं काय? पूर्वी पुस्तकं स्वस्तात यायची.

पऱ्हाटी

रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा आम्हा स्वतः पुस्तक पाठवणाऱ्यांचे फार हाल झाले, २८० च्या पुस्तकाला टपालखर्च जड व्हायला लागला. मग मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अन ५ किलोपर्यंत जास्तीत जास्त १०० रुपये, वर कर. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे, जाहिराती असलेलं छापील चालत नाही. मी पाकिटावर ठळक "ज्ञान पोस्ट" लिहिते अन आमच्या पोस्टात घेतात. पुण्यापर्यंत येईल ताई, फक्त स्पीड पोस्टसारखं दोन दिवसांत येईल असं धरू नका, ती जमिनीवरून जाते.

धानपट्टीवाला

माझं पुस्तक अजून प्रेसमध्ये आहे. मुखपृष्ठावरून भांडण चालू आहे. छापणारा म्हणते पाठमोरी बाई अन रक्ताचा थेंब टाकू, रहस्य म्हटलं की तेच खपते. मी म्हणतो पेटी टाका, भाता उघडा असलेली, अन बाजूले एक रिकामी खुर्ची. तुम्ही वाचक सांगा.

आईची_शाळा

पेटी अन खुर्ची. रक्ताचं मुखपृष्ठ असलं तर घरात टीपॉयवर पुस्तक ठेवता येत नाही, सासूबाई विचारतात.

मोबाईलवर_वाचणारा

खुर्ची. वरून पाठमोरी बाई शंभर पुस्तकांवर आहे.

निवृत्त_जमादार

खुर्चीच. अन म्हातारा नको दाखवू कव्हरवर, नाहीतर पयलेच समजन.

वाचनालयवाली

जमादार काका, तुम्ही पण!! 😀 असो, तुम्ही अंदाज केला, पुस्तक वाचलं नाही, म्हणून ओळ काढत नाही.

माझ्याकडून असं. तिन्ही कादंबऱ्यांच्या दोन-दोन प्रती वाचनालयासाठी घेते, पैसे आमच्या वाचकांच्या वर्गणीतून, फुकट प्रत नको, लेखकानं कशाले पदरची द्यायची. वेचणी संपली की बायांले दुपारी वेळ भेटते, तेव्हा एकेक प्रकरण मोठ्यानं वाचायचं ठरवलं, पहिलं "एकशे सत्तर किलो" घेऊ कारण कापूस सगळ्यांचाच. पऱ्हाटी ताई, फोन जोडून देऊ का त्या दिवशी, बाया विचारतील.

पऱ्हाटी

जोडा ना. पण एक अट, पहिली चार प्रकरणं वाचून झाल्यावरच जोडा, अन त्यांना आधी विचारून ठेवा की सुमित्रा कुठं गेली असं त्यांना वाटते. मला त्यांचे अंदाज ऐकायचे आहेत. प्रती कशा पाठवू, ज्ञान पोस्टनं की एसटीच्या पार्सलनं?

वाचनालयवाली

एसटी दारव्ह्यापर्यंत, तिथून माझा भाचा घेऊन येते. सोमवारी बाजार असते, त्याच्या आधी आलं तर बरं.

पऱ्हाटी

शनिवारच्या गाडीत टाकते.